चित्रकलेत पीएचडीसाठी युरोपात यायचं म्हणता, तर...

तुमचे प्रश्न एकत्र मांडते. एमएफए (चित्रकलेतली पदव्युत्तर पदवी) झालंय, कोल्हापुरात कला महाविद्यालयात सीएचबीवर, म्हणजे तासिका तत्त्वावर, शिकवता, हाताने रंगवलेल्या दुकानांच्या पाट्यांवर पीएचडी करायची आहे. लंडन बरं की नॉर्वे, बायको-मुलीला आणता येईल का, आणि परत आल्यावर पदवी चालेल का? मी नॉर्वेतल्या बर्गनला पीएचडी केली आणि इथेच राहिले, त्यामुळे माझं माप नॉर्वेकडे झुकणार हे धरूनच वाचा.

आधी पैसे. ब्रिटनमध्ये तुम्ही विद्यार्थी. स्लेड, गोल्डस्मिथ्स, रॉयल कॉलेज ही लंडनच्या कलासंस्थांची नावं मोठी आहेत, पण परदेशी विद्यार्थ्याची फी वर्षाला वीस लाख रुपयांच्या घरात सहज जाते. त्यावर माणशी वर्षाला 776 पौंड आरोग्य अधिभार, आणि लंडनचं भाडं वेगळंच. शिष्यवृत्ती नसेल तर कर्ज काढून जाऊ नका. चित्रकलेच्या पीएचडीवर ते फेडता येईल अशी नोकरी मला तरी दिसत नाही. नॉर्वेत तुम्ही संस्थेचे पगारी कर्मचारी असता. मुदत तीन वर्षं, किंवा पाव वेळ शिकवण्यासारखी कामं धरून चार. पगार कर कापण्याआधी वर्षाला साडेपाच लाख क्रोनरच्या आसपास, फी नाही. मेख एवढीच की जागा मोजक्या असतात आणि नोकरीच्या जाहिरातीसारख्या निघतात. जॉबनॉर्गे या साइटवर लक्ष ठेवा. बर्गन विद्यापीठाची कला, संगीत व डिझाइन शाखा आणि ओस्लोची राष्ट्रीय कला अकादमी, सुरुवात या दोन ठिकाणांपासून करा.

आता तुमचा विषय. बाबूराव पेंटरांच्या गावात पाट्यांचा विषय सुचावा हे मला फार आवडलं. पण तुम्ही लिहिलेल्या चार ओळी वाचून समिती म्हणेल, हा तर कलेतिहासाचा प्रबंध, याला चित्रकार कशाला हवा? 'कोल्हापुरातील पाट्यांचा चिकित्सक अभ्यास' हे शीर्षक आपल्याकडे खपेल, इथे नाही. इथे प्रश्न असा लागतो, जो तुम्ही स्वतः काम केल्याशिवाय सुटणारच नाही. समजा, तुम्ही वर्षभर एखाद्या पेंटरच्या हाताखाली अक्षरं काढली. पत्र्यावर इनॅमलचा ओघळ सांभाळताना 'क्ष'चं वळण का बदलतं, शिडीवर उभं राहून डोक्याच्या वर ब्रश फिरवताना शिरोरेघ कुठे हलते, आणि हे हातात मुरल्यावर तुमच्या स्वतःच्या चित्रांचं काय होतं? फ्लेक्स आल्यावर हे पेंटर कुठे गेले, हा प्रश्नही त्यात येईल, पण ओघात. आणि ज्यांच्याकडून शिकणार त्यांचं नाव, श्रेय, मोबदला याचा परिच्छेद प्रस्तावात घालाच. हे विचारलं जातं, आणि विचारलंच पाहिजे.

नॉर्वेत शेवटी तपासतात त्या दोन गोष्टी: लोकांसमोर मांडलेली कलाकृती आणि त्यामागच्या विचाराची नोंद. ही नोंद निबंधच असली पाहिजे असं नाही. फिल्म चालते, ध्वनिमुद्रण चालतं. मग जाहीर तोंडी परीक्षा. ब्रिटनमध्ये बहुधा तीस-चाळीस हजार शब्दांचा प्रबंध जोडावा लागतो. तुम्हाला लिहायला आवडत असेल तर ते वाईट नाही. स्वतःच्या कलाकामातून संशोधन करण्याची, म्हणजे 'कलात्मक संशोधना'ची, नॉर्वेतली ही योजना 2003 पासून आहे, पण तिला पीएचडीचा दर्जा 2018 मध्ये मिळाला, म्हणून जुन्या लोकांच्या नावापुढे ही पदवी दिसणार नाही. अर्ज लिहिण्याआधी 'रिसर्च कॅटलॉग' या साइटवर अशी पूर्ण झालेली कामं बघा; ती सगळ्यांना खुली आहेत. निम्मी तुम्हाला भंपक वाटतील. मलाही वाटली. उरलेल्यांतून प्रश्न कसा मांडतात ते कळतं.

कुटुंब आणता येतं. ब्रिटनमध्ये 2024 पासून ही सवलत मुख्यतः संशोधनवाल्यांनाच उरली आहे. नॉर्वेत उत्पन्नाची अट पाळली की जोडीदाराला कामाचीही परवानगी मिळते आणि बालवाडीच्या फीवर सरकारी कमाल मर्यादा आहे. मात्र नॉर्वेजियन आल्याशिवाय तुमच्या बायकोला तिच्या शिक्षणाला साजेसं काम मिळणं कठीण. हे घरी आधीच बोला. बर्गनचा पाऊस साधारण मुंबईइतकाच, फक्त तो बारा महिन्यांत वाटलेला असतो आणि डिसेंबरात उजेड जेमतेम सहा तास. रंगकाम करणार असाल तर स्टुडिओतले दिवे चांगले मागून घ्या.

परतीचं म्हणाल तर परदेशी पदव्यांच्या समकक्षतेसाठी यूजीसीची 2025 ची नियमावली आहे, ती वाचा. ज्या विद्यापीठात पुढे अर्ज करायचा मनात असेल तिथे 'कलात्मक संशोधन' हा विषय चित्रकलेच्या प्राध्यापकपदाला धरतात का, हे आत्ताच लेखी विचारून ठेवा. तोंडी 'हो हो, चालतं' यावर विसंबू नका.