नाशिकमधून विचित्र रूपविकारी ताऱ्यांच्या तेजातले बदल आणि स्पंदनं (ताऱ्याचं फुगणं-आकसणं) अभ्यासायची तर कोणता टेलिस्कोप, कोणता कॅमेरा घ्यावा?

आत्ता काहीच घेऊ नका. कुणाकडे १० बाय ५०ची (दहापट मोठं दाखवणारी, ५० मिलिमीटर भिंगांची) दोन डोळ्यांची दुर्बीण धूळ खात पडली असेल तर ती मागून आणा.

“कॅमेरा नसेल तर तो नुसता टाइमपास” हे मी याच शहरात तोंडावर ऐकून घेतलंय, म्हणून लिहायला बसलो.

२००७ची गोष्ट. उन्हाळ्यात आम्ही काही जण त्र्यंबक रोडने शहराबाहेर जायचो. मी नेमाने उत्तर मुकुट तारकासमूहातला ‘आर’ नावाचा तारा बघायचो. इंग्रज खगोलनिरीक्षक पिगॉटने १७९५मध्ये टिपलेला हा तारा वर्षानुवर्षं सहाव्या प्रतीच्या (प्रत म्हणजे तेजाचं माप, आकडा वाढला की तारा मंद) आसपास असतो आणि मग एकाएकी बुडतो. स्वतःच कार्बनची काजळी ओकतो, ती आपल्या बाजूला आली की कंदिलाची काच काळी व्हावी तसा उजेड अडतो.

जूनमध्ये पाऊस लागला. नाशिकचा पावसाळा म्हणजे आकाशाला कुलूप. ऑक्टोबरमध्ये अंधार पडता पडता मुकुट पश्चिमेला कललेला सापडला. तुलनेचे तारे सगळे जागेवर, आर गायब! आमच्या आकाशदर्शन मंडळातले एक सीनियर, मोटरवाल्या टेलिस्कोपचे मालक, सगळ्यांसमोर म्हणाले, “अहो, नकाशा उलटा धरलाय तुम्ही.” मी वहीत लिहिलं: नवव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात, आर नाही. त्यावर पुन्हा, “जे दिसलंच नाही त्याची कसली नोंद करता?”

तारा जुलैपासूनच बुडायला लागला होता. पुढे तो चौदाव्या प्रतीच्याही खाली गेला आणि पुरता वर यायला काही वर्षं लागली. सरांचा टेलिस्कोप त्या सबंध काळात शनीवर होता.

तर “दिसला नाही” हीसुद्धा नोंदच. १९११पासून रूपविकारी ताऱ्यांच्या नोंदी जमवणारी अमेरिकेतली संस्था आव्हसो (AAVSO) “अमुक प्रतीपेक्षा मंद” अशी नोंद रीतसर घेते, नकाशेही फुकट देते. एक तुलना-तारा जरा उजळ, एक जरा मंद घ्यायचा, आपला त्यांच्यामध्ये कुठे बसतो ते ठरवायचं, वेळ लिहायची. लाल ताऱ्याकडे टक लावू नका, उगाच उजळ वाटायला लागतो.

स्पंदनंच हवी असतील तर ढाल तारकासमूहातला आर घ्या. साधारण १४० दिवसांच्या चक्रात एकदा खोल बुडतो, एकदा उथळ, आणि मधूनच हा क्रमही मोडतो. उजळ असताना गंगापूर रोडच्या गच्चीवरूनही दुर्बिणीत सापडतो. पण संध्याकाळी तो डोक्यावर येतो नेमका श्रावण-भाद्रपदात. म्हणून एप्रिल-मेमध्ये पहाटे उठायचं आणि दिवाळीच्या आगेमागे संध्याकाळी पकडायचं. मधला पट्टा कोरा राहतो, राहू द्या. तो भरून काढायला कोरड्या हवेच्या देशांतले लोक आहेत.

हां, एक राहिलं. मुकुटातल्या आरची स्वतःची स्पंदनं साधारण ४० दिवसांची आणि प्रतीच्या काही दशांशांचीच असतात. डोळ्याचा अंदाज तेवढाच इकडेतिकडे होतो, त्यामुळे तिथे कॅमेरा लागतोच. साधा डीएसएलआर ट्रायपॉडवर लावा, फोकस किंचित बिघडवा आणि फोटोतल्या लाल, हिरव्या, निळ्यापैकी फक्त हिरवा चॅनेल मोजा. मॉडेल कोणतं ते मला विचारू नका. तसल्या सरांपैकी कुणी भेटले तर त्यांना विचारा, तेवढं ते नक्की सांगतील.