कॉन्टेसाचं नंतर बघू, आधी पद्मिनीचं आरसी बुक काढा

ठाण्यातल्या कोलशेतहून एका वाचकाचं पत्र आलंय, चांगलं चार पानी आहे म्हणून थोडक्यात सांगतो. वय ४४, खासगी नोकरी, हातात १ लाख १५ हजार येतात, होम लोन ३८ लाख बाकी, हप्ता ३६ हजार. घरी बायको, आई आणि बारावीतला मुलगा. वडिलांची १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे, ती घेऊन हे दर शनिवारी रात्री जुन्या गाड्यांच्या वेडाने पछाडलेल्या मित्रांबरोबर निघतात, साडेनऊला उपवनला जमायचं, मग घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत नाहीतर ऐरोलीवरून पाम बीचला, तिथे बॉनेट उघडून गप्पा, चहा, बारापर्यंत घरी. क्रूझ नाईट म्हणतात ते याला. आता त्यांना १९९४ ची कॉन्टेसा क्लासिक साडेपाच लाखाला मिळतेय आणि प्रश्न एवढाच आहे की होम लोनवर टॉप-अप, म्हणजे त्याच लोनवर आणखी कर्ज, घेऊ का ७ लाखांची एफडी मोडू. पुढे त्यांनीच लिहिलंय की पाच वर्षांत गाडीची किंमत डबल होईल, विकली तर टॅक्स नाही, लग्नसराईत भाड्याने देऊन हप्ता निघेल, आणि बँकेच्या आरएमने, म्हणजे रिलेशनशिप मॅनेजरने, दिलेला विम्याचा गॅरंटीड प्लॅन आहेच पाठीशी.

साहेब, उत्तर द्यायला दोन मिनिटं लागतात. एफडी मोडू नका, कारण पत्राच्या तिसऱ्या पानावर तुम्हीच लिहिलंय की ती पुढच्या वर्षी मुलाच्या ॲडमिशनला लागणार आहे. टॉप-अपही घेऊ नका. गाडी साडेपाच अधिक किरकोळ काम पन्नास हजार, म्हणजे ६ लाख. साडेनऊ टक्क्यांनी पंधरा वर्षांसाठी घेतले तर हप्ता सव्वासहा हजार दिसतो, छोटा वाटतो, आणि शेवटी बँकेला सव्वाअकरा लाख गेलेले असतात. झालं उत्तर.

आता मला जे बोलायचंय ते.

तुम्ही पत्राला चार फोटो जोडलेत. तीन पद्मिनीचे, एक आरसी बुकचा, 'ओरिजिनल नंबर आहे, मालमत्तेत किती धरू' असं विचारायला. गाडी सुंदर ठेवलीये, क्रोम चकाकतंय, क्वार्टर ग्लाससुद्धा जुनीच दिसतेय, बघून मला आमच्या शेजारच्या काकांची आठवण आली जे थंडीत चोक ओढून पंधरा मिनिटं गाडी नुसती घुरघुरत ठेवायचे आणि वरच्या मजल्यावरची बाई शिव्या द्यायची. पण मी चौथा फोटो झूम करून बघितला. नाव वडिलांचं आहे. वडील तुम्ही लिहिल्याप्रमाणे २०२० ला गेले. रिन्यूअलचा शेवटचा शिक्का २०१६ चा, वैध २०२१ पर्यंत. आणि इन्शुरन्सबद्दल तुमचं वाक्य जसंच्या तसं: 'फक्त शनिवारी निघते, वर्षाला दीड हजार किलोमीटर, म्हणून बाबांनंतर इन्शुरन्स भरला नाही, फुकट पैसे कशाला.'

म्हणजे गेली पाच-सहा वर्षं तुम्ही रात्रीच्या घोडबंदर रोडवर, ट्रेलरच्या रांगेत, खड्डे चुकवत, जुन्या वायरिंगच्या पिवळट हेडलाईटवर, एक अशी गाडी चालवताय जिचा मालक हयात नाही, जिचं रजिस्ट्रेशन संपलंय आणि जिच्यावर एक रुपयाचंही थर्ड पार्टी कव्हर, म्हणजे तुमच्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणारा विमा, नाहीये. आणि मला विचारताय कॉन्टेसा कशी घेऊ!

दंडाचं सोडा. विनाइन्शुरन्स पकडलं तर पहिल्यांदा २ हजार दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते, पण त्याला कोणी घाबरत नाही हे मला माहितीये. हिशेब वेगळाच करायचा असतो. समजा गायमुखला वळताना एक बाईकवाला आडवा आला आणि जागीच मेला. वय ३२, महिन्याला ४० हजार कमावणारा, घरी बायको आणि एक मूल. मोटार अपघात दावा न्यायाधिकरण असं मोजतं: वर्षाचे ४ लाख ८० हजार. पुढे कमाई वाढली असती म्हणून, पक्की नोकरी नसली तरी, ४० टक्के वर धरतात, झाले पावणेसात लाख. त्यातला एक तृतीयांश त्याचा स्वतःचा खर्च म्हणून वजा, राहिले साडेचार. या वयाला १६ ने गुणतात. ७२ लाख. शिवाय अंत्यविधी वगैरेची किरकोळ रक्कम आणि दावा दाखल झाल्यापासूनचं व्याज. चूक तुमची ठरली की हा आकडा तुमच्या पगारातून आणि घरातून वसूल होणार, आणि गाडी अजून वडिलांच्या नावावर म्हणजे त्यांचे वारस म्हणून आईला आणि तुमच्या बहिणीलाही नोटीस जाऊ शकते. बहीण नाशिकला आहे, ती आयुष्यात त्या गाडीत शेवटची कधी बसली होती देव जाणे.

आणि याच्यासमोर वाचवले किती? पद्मिनीचं इंजिन १०८९ सीसी. हजार ते दीड हजार सीसीच्या गाडीचा थर्ड पार्टी प्रीमियम वर्षाला ३,४१६, जीएसटी धरून ४ हजार. महिन्याला साडेतीनशेही नाहीत. तुमच्या ग्रुपचा एका शनिवारचा चहा-मिसळपाव याच्यापेक्षा जास्त होत असेल. इन्शुरन्स असता तर मृत्यू आणि दुखापतीच्या दाव्याला वरची मर्यादा नसते, सगळं कंपनी भरते. ही वस्तू इतकी स्वस्त आहे म्हणूनच एजंट लोक हिच्याबद्दल फार बोलत नाहीत, कमिशन फारसं नाही त्यात.

पत्रात आणखी एक ओळ होती, ती मी दोनदा वाचली. 'मुलगाही रात्री सोसायटीच्या बाहेरच्या रस्त्यावर हात साफ करतो.' मुलगा १७ चा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर अल्पवयीन मुलाने गाडी चालवून काही घडलं तर पालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार दंड आहे. आजपासून बंद. १८ पूर्ण झाले, लर्निंग काढलं, की शिकवा हवं तेवढं, स्टीअरिंगवरचा गिअर शिकायला मजाही येते.

करायचं काय तर क्रम असा. आधी थर्ड पार्टी पॉलिसी आणि पीयूसी, कारण त्याशिवाय आरटीओत पुढचा कागद सरकत नाही. मग ठाणे आरटीओत फॉर्म ३१, मालकाच्या मृत्यूनंतर वारसाच्या नावावर करण्याचा, सोबत मृत्यूचा दाखला आणि आई-बहिणीचं ना-हरकत प्रतिज्ञापत्र. खरं तर हे तीन महिन्यांत करायचं असतं, तुम्ही सहा वर्षं लावलीत, लेट फी बसेल, भरा. त्याबरोबर फॉर्म २५, रजिस्ट्रेशन रिन्यूअलचा. वीस वर्षांवरच्या कारला ही फी २०२५ पासून १० हजार झालीये, पर्यावरण कर वेगळा, हाय सिक्युरिटी नंबर प्लेट वेगळी, आणि पासिंगसाठी ब्रेक, लाईट, हॉर्न नीट करून घ्यायचा खर्च. सगळं मिळून तीस-पस्तीस हजार धरा. एजंटला दिलेत तर पाच हजार वर, पण कागद तुम्ही स्वतः बघा. नाव तुमच्या नावावर झालं की १५ लाखांचं ओनर-ड्रायव्हर अपघात कव्हर घ्या, ते मालकालाच मिळतं, वडिलांच्या नावावर असताना घेतलं असतंत तरी उपयोग शून्य होता. आणि मेकॅनिककडे गाडी जातेच आहे तर पेट्रोलचे रबरी होज आणि फ्युएल पंपाचा डायफ्राम बदलून घ्या, आता पंपावर सगळीकडे ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, मिळतं, जुनं रबर त्यात फुगतं आणि चिरा पडतात, गरम इंजिनवर पेट्रोल गळलं की काय होतं हे तुमच्या ग्रुपला मी सांगायला नको.

आता तो पाठीशी असलेला प्लॅन. वर्षाला १ लाख, दहा वर्षं भरायचे, विसाव्या वर्षी २० लाख मिळणार, 'पैसे डबल, गॅरंटीड, टॅक्स फ्री, साडेसात टक्के'. कुठले साडेसात? मी मोजले. साडेचार टक्के येतात. हेच लाख-लाख दहा वर्षं पीपीएफमध्ये टाकून वीस वर्षांपर्यंत ठेवले असतेत तर आजच्या ७.१ टक्क्याने साडेएकोणतीस लाख झाले असते, तेही टॅक्स फ्री, आणि पीपीएफ विकायला कोणी टाय घालून घरी येत नाही. नऊ-साडेनऊ लाखांचा फरक आहे साहेब, तुमच्या दीड कॉन्टेसा. आणि त्यात लाईफ कव्हर किती तर १० लाख, लोन बाकी ३८ लाख. तुम्हाला उद्या काही झालं तर बायकोच्या हातात २८ लाखांचा खड्डा राहतो, पगार बंद, मुलगा फर्स्ट इयरला. तीन हप्ते भरलेत, चौथा मार्चमध्ये आहे. तो भरायच्या आधी कंपनीकडून दोन आकडे लेखी मागा, आत्ता सरेंडर केलं, म्हणजे पॉलिसी मोडली, तर किती आणि पेड-अप केलं, म्हणजे पुढचे हप्ते थांबवून पॉलिसी तशीच ठेवली, तर विसाव्या वर्षी किती. आरएमला तोंडी विचारू नका, तो म्हणेल 'सर, आता बंद केलं तर लॉस होईल', लॉस तर तीन वर्षांपूर्वी सही केली तेव्हाच झाला. मला आजच्या माहितीवर पेड-अप बरं दिसतंय, पण आकडे आले की पाठवा. वाचलेल्या लाखातून दीड कोटीची टर्म पॉलिसी, म्हणजे नुसता जीवनविमा, घ्या, साठीपर्यंत, तुमच्या वयाला तब्येत ठीक असेल तर पस्तीस-चाळीस हजारांच्या घरात बसेल, सप्टेंबर २०२५ पासून त्यावर जीएसटीही नाही. उरलेले साठ हजार आपण खाली वापरू.

कॉन्टेसाकडे येतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मला गाड्यांचं वावडं आहे. मला कॉन्टेसा आवडते. हिंदुस्तान मोटर्सने १९८४ ला आणली, मूळ डिझाईन इंग्लंडच्या व्हॉक्सॉलचं, सुरुवातीला त्या एवढ्या धुडाला ॲम्बॅसेडरचं दीड लिटरचं इंजिन होतं, बिचारी घाटात रडायची, इसुझूचं १.८ आलं तेव्हा कुठे गाडीत जीव आला. तुमची तीच आहे. तेच इंजिन नंतर ॲम्बॅसेडरमध्येही होतं म्हणून इंजिनाचे पार्ट अजून सापडतात, पण मागचा दिवा, पुढची काच, दारांचं रबर यासाठी कुर्ल्याच्या भंगारवाल्यांपासून लोकांच्या गॅरेजपर्यंत फिरावं लागतं आणि समोरचा मागेल तो भाव. सोसायटीत दुसरं पार्किंग महिना २ हजार. इन्शुरन्स दीड हजार सीसीच्या वर म्हणून ७,८९७ अधिक टॅक्स, सव्वानऊ हजार. टायर, बॅटरी, रंग, गंज, सर्व्हिसिंग. वर्षाला साठ हजार कमीत कमी. पाच वर्षांचे ३ लाख. म्हणजे ६ लाखांची गाडी ९ ला विकली तेव्हा तुम्ही शून्यावर, व्याज न धरता. डबल व्हायचं तर दरवर्षी १५ टक्के वाढायला पाहिजे, आणि हा अंदाज कोणाचा? विकणाऱ्याचा.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी बंद झाली तेव्हा सगळ्यांचा गळा दाटून आला, मीही फोटो काढला होता, पण गळा दाटलेले सगळे गाडी घ्यायला येत नाहीत. जुन्या गाड्यांना मिळणाऱ्या खास व्हिंटेज नंबरची आशाही सोडा, तो व्हीए सिरीजचा नियम पहिल्या रजिस्ट्रेशनपासून ५० वर्षं झालेल्या गाडीला आहे, तुमची कॉन्टेसा २०४४ ला तिथे पोचेल आणि तुम्ही साठी ओलांडलेली असेल. तो नंबर मिळाला तरी गाडी रोज वापरता येत नाही, रॅली, प्रदर्शन, पेट्रोल, दुरुस्ती एवढंच. लग्नाला भाड्याने? पांढऱ्या प्लेटची खासगी गाडी भाड्याने देता येत नाही, आणि नवरदेवाला नेताना ठोकली तर कंपनी क्लेम नाकारायला बसलेलीच आहे. टॅक्सचं म्हणाल तर वैयक्तिक वापरातल्या गाडीच्या नफ्यावर टॅक्स नाही हे बरोबर, पण वापर दाखवावा लागतो. एका १९३१ च्या फोर्डचं प्रकरण मुंबई हायकोर्टात गेलं होतं, १९८३ ला २० हजाराला घेतलेली, २१ लाखाला विकली, आणि २०२५ मध्ये कोर्टाने सांगितलं की वापरता येण्यासारखी होती एवढं पुरत नाही, खरंच वापरली का ते दाखवा. सूट गेली. यातले २१ लाख बघून हुरळू नका, ती १९३१ ची फोर्ड होती.

म्हणून ते उरलेले साठ हजार. महिन्याला ५ हजारांची आरडी लावा, तिला 'गाडी' नाव द्या आणि पद्मिनीचा सगळा खर्च, शनिवारच्या पेट्रोल-चहासकट, त्यातूनच. पहिल्या वर्षी आरटीओ आणि वायरिंगमध्ये जातील. मुलाची ॲडमिशन होऊन एफडीतून काय उरतं ते दोन वर्षांनी कळेल, तेव्हा आरडीतही थोडं साठलेलं असेल आणि कॉन्टेसा तेव्हाही कोणीतरी विकतच असेल. टोकन आज रात्रीच द्या म्हणणाऱ्याला नाही म्हणा.

या शनिवारी उपवनला जा, पण मित्राच्या गाडीत मागच्या सीटवर बसून. पद्मिनी पार्किंगमध्ये राहू दे, बॅटरीची वायर काढून ठेवा. नवीन नावाचं आरसी आलं की त्याचा फोटो पाठवा, या वेळी झूम न करता वाचता येईल असा.