पहिल्याच दिवशी पळू नका

भाऊ, शुगर निघाली म्हणून उद्यापासून पाच किलोमीटर पळणार म्हणता? थांबा जरा. मीही तेच केलं होतं. तिसऱ्या दिवशी गुडघा धरून घरी बसलो.

आधी दहा मिनिटं चाला, मग वाढवत न्या. मोठ्या माणसाला आठवड्याला किमान 150 मिनिटं भरभर चालणं, हा जागतिक आरोग्य संघटनेचा हिशोब. भरभर म्हणजे बोलता यावं, पण गाणं म्हणता येऊ नये. शिवाय दोन दिवस ताकदीचा व्यायाम. हात न टेकता खुर्चीवरून उठबस करा, सुरुवातीला तेवढंच पुरे.

इन्सुलिन घेता ना? मग खिशात साखरेची पुडी ठेवाच. घाम फुटून हात थरथरले, म्हणजे शुगर एकदम खाली गेली असं वाटलं, की लगेच तोंडात टाका आणि बसा. चप्पल नको, बूट-मोजे. घरी आल्यावर तळवे बघा. शुगरवाल्याला काटा रुतलेलाही कधीकधी कळत नाही. आपल्या परभणीचं ऊन मे महिन्यात 40 अंशांच्या वर जातं, तेव्हा सकाळी सातच्या आत घरी.

वडील सत्तरीचे आहेत, त्यांना तोल सांभाळायचा व्यायाम आठवड्यातून तीनदा हवा, भिंतीला धरून. पोराला मात्र रोज तासभर खेळू द्या, ट्यूशन गेली खड्ड्यात!

आणि छातीत दुखलं, तर चालणं तिथंच सोडून दवाखाना गाठा.