वाचकांचे प्रश्न : तयार गॅरेज आणि गळेपडू विक्रेते

प्रश्न : सहकारनगरमध्ये आमचा जुना बैठा बंगला आहे. गाडी बारा महिने उन्हापावसात उभी असते, म्हणून एका प्रदर्शनात लोखंडी पाइप आणि पत्र्याच्या तयार गॅरेजच्या स्टॉलवर मी माझा मोबाइल नंबर लिहून दिला. दुसऱ्याच दिवशी दोन प्रतिनिधी घरी आले आणि अडीच तास बसले. १० बाय १८ फुटांच्या गॅरेजची किंमत त्यांनी आधी ३,४०,००० रुपये सांगितली. ‘विचार करून कळवते’ असे म्हटल्यावर साहेबांना फोन लावून ती २,३५,००० रुपयांवर आणली. पण हा दर रात्री आठपर्यंतच आहे, असे बजावले. यजमान गावाला गेले होते. शेवटी मी मोबाइलवरून ११,००० रुपये इसार भरला आणि एका छापील फॉर्मवर सही केली. पावती मिळालेली नाही, जागेचे मापही कोणी घेतले नाही. आता निम्मी रक्कम भरा, नाहीतर इसार बुडेल, असे फोन रोज येतात. परवानगी लागत नाही, असेही ते म्हणतात. मी काय करावे?
— एक वाचक, सहकारनगर, पुणे

उत्तर : उरलेल्या रकमेपैकी एक रुपयाही आत्ता भरू नये. पावती मिळालेली नाही आणि माप कोणी घेतले नाही, हे आपण जाता जाता लिहिले आहे, पण आपली बाजू त्यावरच उभी आहे. विकलेल्या मालाचे किंवा सेवेचे बिल अथवा पावती न देणे ही ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. मापच घेतलेले नसेल, तर आपल्या गॅरेजसाठी एकही पाइप अजून कापला गेलेला नसणार. म्हणजे आपण ऑर्डर रद्द केली तरी विक्रेत्याचे सांगण्यासारखे नुकसान झालेले नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ७४ प्रमाणे करारभंगाबद्दल वाजवी भरपाईच मागता येते, आणि करारात लिहिलेला आकडा ही तिची कमाल मर्यादा असते. मात्र घरी येऊन केलेल्या विक्रीतून काहीही कारण न देता माघार घेण्याचा सरसकट हक्क आपल्याकडे नाही. म्हणून सही केलेल्या फॉर्मची प्रत मागून घ्यावी आणि तिच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूरसुद्धा सावकाश वाचावा.

एका फोनसरशी १,०५,००० रुपये उतरतात तेव्हा पहिली किंमत खरी नव्हती हे उघड आहे, आणि दुसरी खरी आहे असे मानायलाही काही आधार उरत नाही. आपण स्वतःला दोष देऊ नये. घरी आलेल्या माणसाला चहा द्यायचा, त्याला उठा म्हणायचे नाही, या आपल्या रीतीचा फायदा घेऊनच अडीच तासांची बैठक रंगवली जाते. यापुढे उंबऱ्यावरच सांगावे, ‘लेखी कोटेशन ठेवून जा, आम्ही दोघे वाचून आठ दिवसांत कळवतो.’ ज्याचा माल चांगला आहे तो कागद ठेवून जातो, असा माझा अनुभव आहे.

परवानगीबद्दल जे सांगितले गेले ते मला सर्वांत जास्त खटकले. नट-बोल्टने जोडलेले आहे, उद्या काढता येते, एवढ्यावरून ते बांधकाम नियमांतून सुटत नाही. २०२० पासून लागू असलेल्या राज्याच्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे प्लॉटच्या कडेने सोडायच्या सामासिक अंतरात काय चालते आणि काय नाही, हे आपल्या मंजूर नकाशावरून परवानाधारक आर्किटेक्टकडून किंवा महापालिकेच्या बांधकाम परवानगी विभागातून आधी समजून घ्यावे. गृहनिर्माण सोसायटी असल्यास तिचे ना-हरकत पत्रही घ्यावे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली अनधिकृत बांधकामाची नोटीस जागेच्या मालकाला येते; विक्रेता तोवर पैसे घेऊन गेलेला असतो.

आता मालाविषयी. विक्रेते जाड मालासाठी वापरतात त्या ‘हेवी गेज’ या शब्दाला काही अर्थ नाही. जाडी मिलिमीटरमध्येच लिहून घ्यावी. ५० बाय ५० मिलिमीटरचा चौकोनी पाइप २ मिलिमीटर जाडीचा असेल, तर ६ मीटरच्या अख्ख्या पाइपचे वजन साधारण साडेसतरा किलो भरते, तोच १.२ मिलिमीटरचा असेल तर अकरा किलोच्या आसपास. रंग मारल्यावर दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसतात. पत्र्याचेही तसेच. ०.५० मिलिमीटर ही जाडी नुसत्या पोलादाची की वरचा लेप आणि रंग धरून, हे विचारावे. नामांकित कंपनीच्या रंगीत पत्र्याच्या मागच्या बाजूला कंपनीचे नाव आणि मालाचा तपशील बहुधा छापलेला असतो, तो पाहावा. बसवताना ग्राइंडरने पत्रा कापू देऊ नये, कारण उडालेल्या ठिणग्यांचे कण रंगावर चिकटतात आणि पहिल्या पावसातच तिथे तांबूस ठिपके उमटतात.

पण गॅरेज टिकते की नाही ते जमिनीशी ठरते. मागच्या उन्हाळ्यात एका ओळखीच्या घरी गेलो असताना मी स्वतः पाहिले आहे : खांबाची बेसप्लेट अंगणातल्या पेव्हिंग ब्लॉकवर स्क्रूने बसवलेली होती, वळवाच्या वादळात पुढचा कोपरा वीतभर उचलला गेला होता आणि प्लेटला ब्लॉकचा अर्धा तुकडा तसाच लटकत होता. बांधकामावर येणाऱ्या वाऱ्याच्या जोराचा हिशेब सांगणाऱ्या भारतीय मानक ८७५ च्या तिसऱ्या भागात पुण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ३९ मीटर, म्हणजे ताशी सुमारे १४० किलोमीटर धरलेला आहे. पुढून उघडे असलेले हलके छत वारा आतून उचलतो, म्हणून प्रत्येक खांबाखाली काँक्रीटचा पाया आणि त्यात पुरलेले अँकर बोल्ट हवेतच. आपल्याला सांगितलेल्या दरात पाया, पन्हळ, पावसाचे पाणी शेजाऱ्याकडे न जाता गटारापर्यंत नेणारा पाइप आणि १८ टक्के जीएसटी आहे का? बहुतेक वेळा या चार गोष्टी नंतर बिलावर चढतात. गाडीचे दार आत पुरेसे उघडावे म्हणून १० फूट ही रुंदी आतून मोजलेली असावी. रंग कोणता घ्यायचा याचा विचार आत्ता नको.

आजच विक्रेत्याला ईमेल आणि पोचपावतीसह स्पीड पोस्टाने पत्र पाठवावे. पावती, गॅरेजचा मापांसह नकाशा, पाइप व पत्र्याची जाडी, पायाचा तपशील आणि ‘२० वर्षांची गॅरंटी’ यांसारखे काही तोंडी सांगितले असेल, तर ती गंजासाठी की गळतीसाठी आणि देणारा कोण, हे सात दिवसांत लेखी मागावे. तोवर व्यवहार थांबवला आहे, आणि परवानगी न मिळाल्यास ११,००० रुपये परत हवेत, असे स्पष्ट लिहावे. उत्तर आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. त्यापुढे पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. मोबदल्याची रक्कम ५ लाखांपर्यंत असल्यास शुल्क नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. एकटीने जाणे जड वाटत असेल तर ग्राहक पंचायतीच्या कार्यकर्त्यांना भेटावे. ही चळवळ १९७४ साली आपल्याच शहरात सुरू झाली. नको असलेले विक्रीचे फोन थांबवण्यासाठी १९०९ वर नोंदणी करावी, आणि या विक्रेत्याच्या फोनला एकच उत्तर द्यावे : ‘जे सांगायचे ते लिहून पाठवा.’

सगळे लेखी आले, परवानगीही मिळाली आणि आपण दोघांनी घ्यायचेच ठरवले, तर पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : पाया झाल्यावर काही, माल उतरल्यावर काही, आणि एक चांगला पाऊस अंगावर घेईपर्यंत शेवटचा हप्ता आपल्याकडे ठेवावा. माल उतरेल त्या दिवशी गल्लीतल्या भंगारवाल्याचा वजनकाटा तासभर मागून घ्यावा आणि रंग लागण्याआधी दोन-तीन पाइप त्याच्यावर टांगून पाहावेत.