किलोमीटर तेवढेच, मग तास वेगळे का?

प्रश्न: लंडनहून लॉस एंजेलिसला जाताना सीटसमोरच्या स्क्रीनवर आमचं विमान ग्रीनलंडवरून चाललेलं दिसलं. मॅपवर तर लॉस एंजेलिस पश्चिमेला, आणि तेही खालच्या बाजूला आहे. एवढा फेरा कशाला?

फेरा नाहीये, तोच जवळचा रस्ता आहे. सपाट नकाशात उत्तरेकडचा भाग ताणून मोठा केलेला असतो, म्हणून तिथे सरळ दिसणारी रेघ खऱ्या गोलावर लांबची पडते. पृथ्वीचा गोल मिळाला तर दोन्ही शहरांवर दोरा धरा आणि ताणा, आपोआप वर ग्रीनलंडकडे सरकेल. हे अंतर साधारण 8,750 किमी भरतं.

प्रश्न: न्यूयॉर्कहून लंडनला सात तासांच्या आत पोचलो, परत येताना मात्र जवळपास आठ लागले. पृथ्वी फिरते म्हणून का?

हा प्रश्न दर थोड्या दिवसांनी येतोच! नाही, पृथ्वीचा संबंध असा थेट नाही. ती पूर्वेकडे फिरते, म्हणजे तुमच्या हिशोबाने पश्चिमेला जाताना शहर समोरून आपल्याकडे यायला हवं आणि तो प्रवास लवकर व्हायला हवा, होतं नेमकं उलटं, कारण हवाही पृथ्वीबरोबरच फिरत असते. खरं कारण जेट स्ट्रीम. साधारण 9 ते 12 किमी उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा जोरदार वारा, हिवाळ्यात तर कधी कधी ताशी 300 किमीच्याही वर. पूर्वेला जाणारा पायलट त्यात शिरतो, पश्चिमेला जाणारा त्याला टाळत जातो. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्यात एक साधं जंबो जेट न्यूयॉर्कहून लंडनला 4 तास 56 मिनिटांत पोचलं, जमिनीच्या हिशोबाने वेग ताशी 1,300 किमीच्या वर होता, तरी आवाजाचा वेग ओलांडला असं नाही हं, कारण भोवतालची हवाच पळत होती.

सिंगापूर ते न्यूयॉर्क (सुमारे 15,300 किमी, अठरा-एकोणीस तास) तर अजून मजेशीर. जाताना पॅसिफिकवरून, येताना बऱ्याचदा अटलांटिकवरून, म्हणजे दोन्ही वेळा पूर्वेलाच.

प्रश्न: अंतराला 900 ने भागलं की वेळ निघतो ना?

अंदाज येतो, त्यावर पुढची कनेक्टिंग फ्लाइट मात्र बुक करू नका. तिकिटावरचा वेळ गेट ते गेट असतो, त्यात रनवेपर्यंतची रांग, चढणं, उतरणं सगळं आलं, शिवाय कंपन्या उशीर दिसू नये म्हणून थोडी जास्तीची मिनिटं धरतातच. वर राजकारण वेगळंच. हेलसिंकी ते टोकियो साधारण 7,800 किमी, आधी साडेनऊ तासांच्या आसपास लागायचे, 2022 मध्ये रशियाचं आकाश बंद झालं आणि तीच फ्लाइट तेरा तासांच्या घरात गेली. शहरं काही हलली नाहीत.

प्रश्न: टोकियोहून सोमवारी रात्री 8 ला निघून होनोलुलूला सोमवारीच सकाळी 8 ला पोचायचं असं तिकीट आलंय. चुकलंय का?

बरोबर आहे. होनोलुलू टोकियोच्या 19 तास मागे आहे आणि प्रवास सातेक तासांचा, मध्ये तारीख बदलणारी रेषा लागते. हॉटेलचं बुकिंग सोमवारचंच करा, फक्त खोली सकाळी मिळेल का ते आधी विचारून ठेवा. परतताना उलटं होईल, सोमवारी दुपारी निघालात तर टोकियोत मंगळवारची संध्याकाळ व्हायला आली असेल, म्हणून मंगळवारी सकाळची मीटिंग घेऊ नका.