केनियाच्या डीलरला शिलिंगमध्ये भाव बांधून देऊ नका

तुमची पोस्ट दोनदा वाचली. केनियातल्या नाकुरू शहराचा डीलर शंभर कडबाकुट्टी यंत्रं मागतोय, शेतकरी एम-पेसावर, म्हणजे तिथल्या मोबाइलवरून पैसे पाठवायच्या सेवेवर, हप्ते भरतात, माणूस सरळ वाटतो, "फक्त भाव शिलिंगमध्ये बांधून मागतोय, देऊ का?" असं तुम्ही विचारलंय. खाली बऱ्याच जणांनी लिहिलंय की आफ्रिका म्हणजे वीस वर्षांपूर्वीचा भारत, संधी सोडू नका. माझी नजर तुमच्या त्या 'फक्त'वर अडकली. माझं २०२३ साल त्यातच गेलं, म्हणून जरा लांब लिहितोय.

आयईसी (निर्यातीचा कोड नंबर), एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करायचं हमीपत्र), जहाजावर माल चढण्याआधीचं केनियाचं तपासणी प्रमाणपत्र, हे सगळं तुम्ही बघितलं असेलच. तिकडे वळत नाही.

माझा कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. २०२२ मध्ये पहिल्यांदा तिकडे गेलो तेव्हा मागणी डोळ्यांनी बघितली. केनियात बहुतेक दूध छोट्या शेतकऱ्यांकडून येतं. दोन-तीन गायी, गोठ्यातच चारा, बांधावर नेपियर. आपल्या करवीर-शिरोळकडचंच चित्र, फक्त उंची जास्त आणि हवा थंड. देशाच्या उत्तर आणि पूर्व भागात सलग पाच हंगाम पाऊस हुकला होता, पेंडीचे भाव नाकुरूकडेही चढले होते. वैरणीची एक काडी वाया घालवणं परवडत नव्हतं, त्यामुळे कुट्टी यंत्र हवंच होतं. ही मागणी खरी आहे, तुमचा डीलर ती फुगवून सांगत नसणार.

शेतकरी पैसे देतात का, ही तुमची दुसरी शंका. देतात. मी २०० यंत्रं पाठवली, त्यातल्या सहा जणांचेच हप्ते थांबले. तिथे 'लिपा पोलेपोले' म्हणतात, म्हणजे हळूहळू फेडा. डीलरचा पेबिल नंबर, म्हणजे पैसे जमा करायचा एम-पेसा खाते नंबर असतो, शेतकरी शांबात (शेतात) उभा राहून साध्या फोनवरून आठशे, हजार, पंधराशे शिलिंग टाकतो. एम-पेसा २००७ च्या मार्चमध्ये सुरू झालं, आपल्याकडे यूपीआय यायच्या नऊ वर्षं आधी. 'पेसा' हा शब्दही आपलाच 'पैसा', दुकानाला ते 'डुका' म्हणतात. रोज संध्याकाळी डीलर मला जमा रकमेची यादी पाठवायचा. मी ती बायकोला दाखवायचो. एवढी चोख वसुली मला इथे सांगली-साताऱ्यातही कधी मिळाली नाही.

आणि तरीही मी साधारण नऊ लाख रुपये गमावले. कसे, ते नीट वाचा.

फेब्रुवारी २०२३ मध्ये चाळीस फुटी कंटेनर न्हावाशेवाहून निघाला. एका यंत्राचे माझ्या हाती ४० हजार शिलिंग, म्हणजे एकूण ८० लाख शिलिंग. त्या दिवशी डॉलर १२५ शिलिंगच्या आसपास होता. इन्व्हॉइस केलं ६४ हजार डॉलरचं. पण डीलर म्हणाला, शेतकऱ्याला मी आठ महिन्यांचा हप्ता बांधून देणार, मधे भाव बदलता येणार नाही, तर तुम्हीही माझ्याशी १२५ च धरा. मी फोनवर एका ओळीत लिहून दिलं, "ठीक आहे, १२५ ने धरू." कागदावर डॉलर आणि फोनवर शिलिंग. माझ्या सगळ्या व्यवहारातली चूक ही एक ओळ.

मी हो का म्हटलं? कारण माझं डोकं रुपयावर घडलेलं होतं. ते अख्खं वर्ष डॉलर आपल्याकडे ८२-८३ मध्येच फिरत राहिला. चलन पडतं म्हणजे वर्षाला दोन-चार टक्के, असं मी धरून चाललो. पण केनियानं २०१४ मध्ये परदेशात काढलेलं २ अब्ज डॉलरचं कर्जरोखं जून २०२४ मध्ये फेडायचं होतं, अमेरिकेत व्याजदर चढत होते, तेल आणि खत महागलं होतं, आणि देशात डॉलरच पुरेसे नव्हते. तिथल्या सरकारनं त्याच वर्षी आखाती कंपन्यांकडून सहा महिन्यांच्या उधारीवर तेल घ्यायचा करार केला, तो डॉलरवरचा ताण कमी करायलाच. हे वर्तमानपत्रात येत होतं. मी वाचतही होतो. आपल्या कुट्टी यंत्राशी त्याचा संबंध आहे, हे मला कळलं नाही.

जुलैत डॉलर १४० च्या पुढे गेला. डिसेंबरात १५६. जानेवारी २०२४ मध्ये १६० ओलांडला. इकडे डीलरच्या खात्यात शिलिंग वेळेवर जमत होते, पण बँक त्याला एका वेळी पाच-सात हजार डॉलरच द्यायची, तेही रांग लावून. छापील दर एक आणि प्रत्यक्ष मिळायचा तो दर वेगळा. शेतकऱ्यानं जुलैत भरलेला हप्ता माझ्यापर्यंत डॉलर होऊन यायला नोव्हेंबर उजाडायचा. ठरलेल्या ८० लाख शिलिंगचे सगळे मिळून हाती आले ५३ हजार डॉलरच्या आसपास. डीलरनं एक शिलिंग बुडवला नाही. मी शब्द दिला होता, तो पाळला.

पुढचा त्रास इथला. माझ्या बँकेच्या शाखेचं नाव लिहीत नाही. शिपिंग बिलावर (कस्टम्सकडच्या निर्यातीच्या कागदावर) ६४ हजार आणि आलेले ५३, म्हणजे संगणकात ११ हजार डॉलर थकीत. त्या वेळी नऊ महिन्यांत पैसे यायला हवे असा नियम होता. मी सगळे कागद घेऊन गेलो. पहिले साहेब म्हणाले, खरेदीदाराचं पत्र आणा. आणलं. ते बदलून गेले. दुसरे म्हणाले, पत्रात कारण नीट नाही. तेही बदलून आणलं. तिसऱ्यांदा सांगितलं, फाइल मुंबईला गेलीय. मुंबईला विचारलं तर फाइल आलेलीच नाही. सात महिने मी त्या काउंटरवर उभा होतो. ज्या माणसानं स्वतःचं नुकसान सोसून पैसे आणले त्याच्याकडे चोरासारखं बघणं बंद व्हायला हवं. लहान निर्यातदाराला कोणता कागद हवा हे पहिल्याच दिवशी एका कागदावर लिहून द्यायला काय जातं? न आलेल्या रकमेवरचा ड्रॉबॅकही (निर्यातीवर सरकार परत देतं तो कर) मला परत भरावा लागला. असो, हे लिहिताना अजून संताप होतो.

आता तुमचं. मी सीए नाही, परकीय चलनातला जाणकार नाही, नियमही मधल्या काळात बदललेत. त्यामुळे हे एका कारखानदाराचं मत समजा आणि तुमच्या सल्लागाराला विचारूनच करा.

डीलर तुम्हाला सांगेल की २०२४ च्या मध्यापासून डॉलर १२९-१३० वरच आहे, आता काळजी नाही. आकडा खरा आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये केनियानं नवं कर्जरोखं विकून जुनं फेडायची सोय केली आणि शिलिंग दोन महिन्यांत सावरला. पण वर्षभर न हललेला दर बघूनच माणूस निर्धास्त होतो, मीही रुपयाकडे बघून तसाच झालो होतो. भाव डॉलरमध्येच ठेवा. त्याला परवडत नसेल तर भाववाढीचं ओझं वाटून घ्या: दर पाच टक्क्यांपेक्षा जास्त हलला तर वरचा फरक अर्धा-अर्धा. हे करारात लिहा, फोनवर नाही. हप्ते आठ महिन्यांऐवजी तीन-चार महिन्यांचे करायला सांगा. तीस टक्के तरी आगाऊ घ्या. ईसीजीसी या सरकारी निर्यात विमा कंपनीचा विमा जरूर काढा, पण तो खरेदीदार बुडाला किंवा त्याच्या देशातून डॉलर बाहेर यायला अडले तर कामाचा. चलन पडल्याचं नुकसान त्यात येत नाही. मला वाटायचं येतं.

आणि ते 'आफ्रिका वाढतेय' वाले व्हिडिओ बघून गणित मांडू नका. ५४ देश आहेत. त्याच जून २०२३ मध्ये नायजेरियानं दर मोकळा सोडला आणि डॉलरला ४७० च्या आसपास असलेला नायरा काही दिवसांत ७५० च्या पलीकडे गेला. इथिओपियाचा बिर जुलै २०२४ मध्ये ५७ वरून बघता बघता शंभराच्या वर. घानानं २०२२ च्या डिसेंबरात परदेशी कर्जाचे हप्तेच थांबवले. आणि याच काळात सेनेगल, आयव्हरी कोस्टसारख्या आठ देशांचा फ्रँक युरोला ६५५.९५७ ला बांधलेला, तो तसाच. तिथे माझं हे नुकसान झालं नसतं, तिथली अडचण फ्रेंच कागदपत्रांची. तरुण लोकसंख्या, मोबाइल, वाढती शहरं हे सगळं खरं आहे, पण तुमचे पैसे एका देशाच्या एका चलनात अडकतात.

मोबाइलच्या वसुलीबद्दलही एक सांगतो, जे मला उशिरा कळलं. एम-पेसात शिल्लक नसली तरी 'फुलिझा' नावाची ओव्हरड्राफ्टची सोय आहे, २०१९ पासून. माझे काही शेतकरी हप्ता त्यातून भरत होते. मला दिसायचं 'वेळेवर जमा', त्याच्याकडे दिसायचं नवं कर्ज. २०२३ च्या जुलैत पेट्रोल-डिझेलवरचा व्हॅट ८ वरून १६ टक्के झाला, तेव्हापासून ही उचल वाढल्याचं डीलर सांगायचा. पुढच्या वर्षी जूनमध्ये तिथली पोरं नव्या करांविरुद्ध रस्त्यावर उतरली, २५ तारखेला संसदेत घुसली, कितीतरी जीव गेले, आणि दुसऱ्या दिवशी राष्ट्राध्यक्षांनी विधेयक मागे घेतलं. ती जमवाजमव त्याच फोनवर झाली होती. त्या आठवड्यात डीलरचं दुकान बंद होतं, तो मला म्हणाला, माझा मुलगाही गेलाय, हप्त्याचं नंतर बघू. मी म्हटलं, पोराचं बघा आधी. म्हणून हप्ता ठरवताना शेतकऱ्याचं दूध बिल किती येतं ते विचारा. आपल्याकडे संघ दहा दिवसांच्या बिलातून कापून घेतो, तसं तिथल्या दूध सोसायटीशी बोलता आलं तर उत्तम. मी पुढच्या खेपेला तेच केलं.

बाकी किरकोळ: मोटारीला चौकोनी तीन पिनांचा प्लग लावूनच पाठवा, आपला गोल पिनांचा तिथे चालत नाही. शंभरातली तीस-चाळीस यंत्रं पेट्रोल इंजिनवर द्या, बऱ्याच वाड्यांवर विजेचा दाब पुरत नाही. पात्यांचे दोन जादा संच प्रत्येक यंत्राबरोबर ठेवा. तिथले 'जुआ काली' कारागीर, म्हणजे उन्हात बसून पत्रा ठोकणारे, तुमच्या यंत्राची नक्कल वर्षभरात करतील. त्यांच्याशी भांडू नका. मी त्यांच्यातल्या दोघांना दुरुस्तीचं काम दिलं, आता सुटे भाग तेच विकतात.

करारातलं ते अर्ध्या-अर्ध्या फरकाचं कलम माझ्याकडे मराठीत आणि इंग्रजीत आहे. हवं असेल तर निरोप पाठवा, पण डीलरला होकार कळवण्याआधी.