धूर टाळताना: सीओपीडीचे नुकतेच निदान झालेल्यांसाठी

तुम्हाला सीओपीडीचे, म्हणजे श्वासमार्ग अरुंद करणाऱ्या फुप्फुसाच्या दीर्घकालीन आजाराचे, निदान नुकतेच झाले आहे, म्हणून आधी एवढेच सांगतो की, एसटी स्थानकावर शेजारी कोणी विडी पेटवली, तर वाद घालण्यापूर्वी तेथून दूर व्हावे, कारण चढ्या आवाजात बोलताना दम अधिक लागतो आणि धूरही अधिक आत जातो. वारा ज्या बाजूने येतो, त्या बाजूला उभे राहावे. पानटपरीलगतची जागा टाळावी. एन-९५ मास्क धुरातील सूक्ष्म कण बऱ्याच अंशी अडवतो, मात्र कार्बन मोनॉक्साइडसारखे वायू अडवत नाही, शिवाय काहींना त्यामुळेच गुदमरल्यासारखे होते, तेव्हा तो लावून धुरात थांबणे योग्य नव्हे. डॉक्टरांनी दिलेला तातडीचा इनहेलर पिशवीच्या तळाशी नव्हे, खिशात असावा.

सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास २००३ च्या कायद्याने मनाई असून २०० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही कलम ऐकवण्यापेक्षा ‘मला फुप्फुसाचा आजार आहे, जरा पलीकडे जाता का?’ ही विनंती, माझ्या अनुभवात, लवकर मानली जाते. न मानल्यास वाहतूक नियंत्रकांना सांगावे. रेल्वेच्या डब्यात असाल, तर १३९ वर तक्रार नोंदवता येते.